चार कोपऱ्यांना कुंकू

माझ्या आईने माझ्या बिटकॉइनला हळदकुंकू लावलं. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हसले. हसू द्या. त्या दिवशी मी रडले होते, पण आज मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. ना आईची, ना पैशाची.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. बी.कॉम., सेकंड क्लास. सेकंड क्लास हे मी लपवत नाही, कारण त्या तीन वर्षांत मी सकाळी दोंडाईच्याहून एस.टी. पकडून धुळ्याला जायचे आणि कॉलेज सुटलं की एका छपाईच्या दुकानात संध्याकाळपर्यंत टायपिंग करायचे. वडील मार्केट यार्डात हमाल होते. मी शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. आई मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जायची. दोंडाईच्याची मिरची तुम्ही खाल्ली असेल. तिची देठं कुणाच्या बोटांनी निघतात ते तुम्हाला माहीत नसेल. आईची बोटं रात्री पाण्यात घातली तरी पेटलेली असायची, आणि लहानपणी तिने डोळे पुसून दिले की मी जास्त रडायचे.

त्या गोदामात एक पद्धत होती. टोपली भरली की मुकादम एक चिठ्ठी द्यायचा. गुलाबी कागदाचा काडेपेटीएवढा तुकडा, त्यावर गोदामाचा शिक्का. शनिवारी चिठ्ठ्या परत करायच्या आणि पैसे घ्यायचे. शनिवारपर्यंत आई त्या चिठ्ठ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायची, डाळीच्या आत, ओल लागू नये म्हणून. मधल्या वारी काही लागलंच तर गल्लीतला किराणावाला ती चिठ्ठी घेऊन साखर द्यायचा. त्या चिठ्ठीवर ना गांधीजी होते ना कुणा गव्हर्नरची सही, तरी साखर मिळायची. हे मी लहानपणी रोज पाहिलं, पण ते काय आहे हे मला कॉलेजच्या एकाही पुस्तकाने सांगितलं नाही.

पदवीनंतर मी धुळ्यात खोली घेतली आणि त्याच छपाईच्या दुकानात डिझाइनच्या कामाला लागले. लग्नपत्रिका, बिलबुकं, मिठाईचे खोके. मालक वाईट माणूस नव्हता. फक्त गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, “आमची मुलगी करून देईल,” आणि पगारवाढीचं विचारलं की म्हणायचा, “हमालाची पोर खुर्चीवर बसली, अजून काय पाहिजे?” दोन्ही वाक्यं तो हसूनच बोलायचा.

नोकरी सांभाळून मी रात्री खोलीवर बाहेरचं काम धरलं. परदेशात साबण बनवणारा एक छोटा कारखानदार होता, त्याच्या वेष्टनांची डिझाइनं. तो पैसे बिटकॉइनमध्ये द्यायचा. त्याला ते सोपं पडायचं, आणि मला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दोन वर्षं मी ते काम केलं. त्यावरचा कर भरलेला आहे, पावत्या फाइलीत आहेत, कुणाला बघायच्या असतील तर घरी या, चहाही देईन. हे आधीच सांगते, कारण हा शब्द काढला की लोक माझ्याकडे मटक्याचा आकडा लावणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतात.

मामा तसाच बघायचा. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी दोंडाईच्याला घरी होते. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पाण्याची घागर भरून वाडवडिलांना पूजतात, आणि पुरुष उघड्यावर बसून पत्ते खेळतात. त्या दिवशी पैसे लावून खेळायची जणू सुट्टीच असते. मामा आमच्या दारातल्या निंबाखाली बसला होता, हातात तेरा पत्ते, पुढ्यात नोटांची चळत, आणि मला म्हणाला, “काय व, तुना तो फोनमधला जुगार कसा चालू शे?”

“मामा, आधी तुमचा डाव संपू द्या,” मी म्हणाले.

बाकीचे हसले. मामाला ते झोंबलं. “मना पैसा हातमा शे,” तो नोटा हलवत म्हणाला. “तुना कोठे शे? लाईट गयी ते पैसा बी गया का? हातमा दे, मंग मानसू.”

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे मी माझी वाक्यं पुस्तकी करून लिहिते आहे, आईची आणि मामाची नाही. त्यांची वाक्यं सुधारण्याइतकी मी शिकलेली नाही.

मामाला उत्तर द्यायला मी ते केलं असं आई आजही म्हणते. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की त्याच वैशाखात माझा फोन बंद पडला, दोन दिवस दुरुस्तीच्या दुकानात उघडा पडून होता. दोन वर्षांची मेहनत एका अनोळखी माणसाच्या टेबलावर स्क्रू काढलेल्या अवस्थेत. तेव्हा मी ठरवलं की हा पैसा कागदावर आणायचा.

ते कसं असतं, थोडक्यात सांगते. या पैशाला दोन गोष्टी असतात. एक पत्ता, ज्यावर कुणीही पैसे पाठवू शकतं. आणि एक किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ, जिच्याशिवाय त्या पत्त्यावरचा पैसा कुणालाही हलवता येत नाही. किल्ली ज्याच्याकडे त्याचा पैसा. किल्ली हरवली तर कोणत्याही खिडकीवर अर्ज करता येत नाही, कारण खिडकीच नाही. ही किल्ली इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर तयार करायची आणि कागदावर छापून ठेवायची. मग फोन फुटो, लाईट जावो, कागद आहे तोवर पैसा आहे.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी मालकाला विचारून गेले. छपाईला लागणाऱ्या कार्डाचे पैसे गल्ल्यात टाकले, चिठ्ठी लिहून. जुन्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढली. किल्ली बनवली, तिचा चौकोनी कोड केला, तोच आपण दुकानात पैसे द्यायला स्कॅन करतो तसा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. तीनशे जीएसएमच्या जाड, गुळगुळीत आर्ट कार्डावर लेझरने छापला, तळहाताएवढा, कडेला जेमतेम समास ठेवून. मग प्रिंटरचा प्लग उपटला, कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं. कार्ड हातात घेतलं तेव्हा शाईचा वास येत होता आणि ते गरम होतं. मी आयुष्यात हजारो पत्रिका छापल्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरी जायच्या.

इथे मी दोन शहाणपणं केली, ती कबूल करते. कोडखाली ती अक्षरांची माळ छापायची असते. मी छापली नाही. म्हटलं, अक्षरं कुणीही वहीत उतरवून घेईल, कोड कोण उतरवणार? दुसरं, कार्डाला लॅमिनेशन केलं नाही. का, ते आज आठवत नाही. दहा रुपयांचं काम होतं. एक गोष्ट मात्र नियमाप्रमाणे केली. एकसारख्या दोन प्रती काढल्या. एक गेली तर दुसरी. मग फोनमधला सगळा पैसा या किल्लीच्या पत्त्यावर पाठवून दिला.

दोन्ही आईकडे दिल्या. तिला म्हटलं, “माय, हा कागद नाही, पैसा आहे. नुसता कागद समजू नको. कुणाला दाखवू नको, फोटो काढू देऊ नको.”

तिने एक कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं. “चिठ्ठी शे का?”

“चिठ्ठीच समज.”

“कोन वटाडी देस?”

कोण वटवून देतो? मी म्हटलं, वटवणारा एक माणूस नाही, सगळ्या जगात मिळून वटते. आईने मान हलवली. तिला हे अवघड वाटलं नाही. मामाला समजावताना माझा घसा बसला होता, आणि आईने डाळीचा डबा उघडला. मामाला कार्ड दाखवलं का म्हणाल, तर हो, दुरून. तो म्हणाला, “याना किराणा येस का?” मी म्हणाले, “येणार नाही. यातून छपाईचं मशीन येणार आहे.”

तेव्हा ते नुसतं तोंडचं बोलणं होतं. पण पुढच्या फाल्गुनात ते खरं होऊ लागलं. जळगावला एक म्हातारे छपाईवाले होते, आम्ही त्यांच्याकडून सुट्टे भाग आणायचो. सगळे त्यांना नाना म्हणायचे. त्यांचा मुलगा छपाईत यायला तयार नव्हता आणि त्यांना गुडघ्यांमुळे मशीनपाशी उभं राहवत नव्हतं. त्यांचं मिनी ऑफसेट मशीन त्यांना विकायचं होतं. मी ते चालू असताना पाहिलं होतं. नुसत्या आवाजावरून कळायचं की या मशीनला कुणी कधी शिवी दिलेली नाही.

“नाना, मी घेते,” मी म्हणाले.

“पैसे?”

“आहेत. आखाजीपर्यंत द्या मला.”

“शेठ घेतोय का तुझा?”

“शेठ नाही. मी.”

नानांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, “बयाना नको. तुझा शब्द पुरे. पण एक सांगतो बेटा, मालेगावची पार्टी रोख घेऊन उभी आहे. आखाजीला दुपारी बारापर्यंत आलीस तर मशीन तुझं. बारा वाजून गेले की मी त्यांना फोन लावणार. मी म्हातारा माणूस आहे, मला दोनदा थांबवू नको.”

मी धुळ्यात एक गाळा बघून ठेवला. मालकाला सांगितलं की आखाजीनंतर मी येणार नाही. त्याने विचारलं, पैसा कुठून आणलास? मी म्हणाले, कमावला. तो म्हणाला, “बघ हं, परत यावं लागलं तर खुर्ची रिकामी असेलच असं नाही.” मी म्हणाले, ठेवू नका. हे सगळं एका कार्डाच्या भरवशावर, जे डाळीच्या डब्यात होतं.

आखाजीच्या आठ दिवस आधी मी दोंडाईच्याला गेले. आईने डबा काढला, डाळीत हात घातला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन्ही कार्डं काढून माझ्या हातात दिली.

दोन्ही कार्डांच्या चारही कोपऱ्यांवर हळद आणि कुंकू होतं. नुसती चिमूट नाही. ओलं करून, अंगठ्याने दाबून लावलेलं, जसं घरात आलेल्या पहिल्या लग्नपत्रिकेला लावतात तसं. वाळून ते कार्डाला धरून बसलं होतं.

मी फोन काढून कोडवर धरला. फोनच्या पडद्यावरची चौकट इकडून तिकडे हलत राहिली. काही पकडलं नाही. दुसरं कार्ड धरलं. नाही. उजेडात नेलं, दारात, अंगणात, निंबाखाली. नाही.

“माय, हे काय केलंस?”

“काय?”

“हे! कुंकू कशाला लावलंस?”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच काहीतरी विचित्र विचारलंय. “तूच बोलनी ना, हाऊ कागद पैसा शे. पैसा शे ते लक्ष्मी शे. लक्ष्मीले कुकू नही लावू ते काय लावू?”

“अगं, पण दोन्हीला? दोन कशासाठी दिली होती मी? एक खराब झालं तर दुसरं राहावं म्हणून!”

“जोडी व्हती ना. एकले लायं, दुसरीले तशीच उघडी ठेवू का?”

त्यावर मी जे बोलले ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, तुला काही कळत नाही. मी म्हणाले, म्हणूनच जन्मभर देठं खुडत राहिलीस. शिकलेल्या पोरीच्या तोंडून हे निघालं. आई उठून आत गेली आणि चुलीवर चहा ठेवला. मला चहा नको होता, तरी तिने ठेवला.

मग मी अजून एक मूर्खपणा केला, आणि तो आईच्या नावावर जात नाही, माझ्याच जातो. मी कापूस ओला करून एका कार्डावरची हळद पुसायला गेले. ती पुसली गेली नाही, पसरली. मी थोडा साबण लावला. साबण लागताच हळद लाल झाली. हे मला माहीत असायला हवं होतं. हळदीचं बोट साबणाला लागलं की लाल होतं, हे आमच्या घरी न शिकलेल्यांनाही माहीत आहे. घाबरून मी जोरात घासलं, तर आर्ट कार्डावरची काळी शाईच खपल्यांसारखी निघाली. मधला भाग पांढरा पडला. एक कार्ड गेलं, आणि ते कुंकवाने नाही, माझ्या हाताने गेलं.

मामाला बातमी लागलीच. संध्याकाळी आला, ओट्यावर बसला, गंभीर चेहरा करून म्हणाला, “मी बोलनू व्हतू ना. सोनं ली ठेवती ते कुकू लायं तरी सोनंच राहतं.”

यावर उत्तर आईने दिलं, चुलीपाशी बसून, मागे वळूनही न बघता. “सोनं लेवाले पैसा कोन देता, भाऊ? तू?”

मामा चहा पिऊन गेला.

मग आई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, एकदा गोदामात पाणी शिरलं होतं, तिच्या दहा-बारा चिठ्ठ्या भिजल्या, शिक्का पसरला. मुकादम म्हणाला, शिक्का दिसत नाही, पैसे नाहीत. तिने सगळ्या बायांसमोर त्याला विचारलं, की शिक्का तुझ्या गोदामाचा, सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच, तो माझ्या चिठ्ठीवर दिसला काय अन् न दिसला काय, कागद तर तूच दिला ना? दुसऱ्या बाईची चिठ्ठी घे, तिच्यावरचा शिक्का बघ, आणि माझे पैसे दे. आणि त्याने दिले.

मी ऐकून घेतलं. तेव्हा मला ते नुसती समजूत काढणं वाटलं. मी म्हणाले, माय, हे तसं नसतं. ती म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं कार्ड वहीत घालून धुळ्याला दुकानात गेले. काम सोडायला अजून आठवडा होता आणि लग्नसराई होती. टेबलावर दोन घरांच्या पत्रिका तपासायला पडल्या होत्या, एक चोपड्याकडच्या केळीवाल्यांची, एक शिंदखेड्याच्या मास्तरांची. हल्ली पत्रिकेवर मंगल कार्यालयाचा नकाशा कळावा म्हणून असाच चौकोनी कोड छापतात. केळीवाल्यांनी हट्टाने कोडच्या मधोमध गणपती घालायला लावला होता. आमच्याकडे दर दोन पत्रिकांमागे एकाला कोडात गणपती हवा असतो. आणि गणपती बसवूनही कोड चालतो, कारण त्यात थोडा भाग झाकला गेला तरी उरलेल्यावरून वाचता येईल अशी सोय असते. हे मी शंभरदा केलं होतं.

मी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे कोड, मधले ठिपके सगळे वेगळे. आणि तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन, दोन्हींवर हुबेहूब तेच. काळी चौकट, आत पांढरी, आत काळा ठोकळा. प्रत्येक कोडवर तेच असतात. त्यात काहीच लिहिलेलं नसतं. फोनला फक्त कळावं की कोड इथून इथपर्यंत आहे, एवढ्यासाठी ते असतात. शिक्काच तो. सगळ्यांच्या चिठ्ठीवर एकच.

मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. मालकाने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, आईचं एक काम आठवलं.

आईने कुंकू कुठे लावलं होतं? चार कोपऱ्यांना. चारातल्या तीन कोपऱ्यांत कुंकवाखाली किल्लीचं एक अक्षरही नव्हतं. चौथ्यात थोडं होतं, गणपतीएवढं. फोन वाचत नव्हता तो किल्ली गेली म्हणून नाही, शिक्का दिसत नव्हता म्हणून.

मी किल्लीएवढ्याच लांबीचा एक खोटा मजकूर घेऊन त्याचा कोड केला, त्याच मापात छापला, आणि त्याचे तीन कोपरे कटरने कापले. पत्रिकेवर टिकल्या चिकटवायला आम्ही चिमटा वापरतो, त्या चिमट्याने ते तीन तुकडे आईच्या कुंकवावर ठेवले. गोंद लावला नाही. श्वास रोखून धरला, कारण तुकडे फुंकरीनेही हलले असते. जुना फोन, इंटरनेट बंद केलेला, वरून धरला.

पहिल्यांदा काही झालं नाही. एक तुकडा केसभर तिरका होता. सरळ केला.

फोन थरथरला आणि पडद्यावर अक्षरांची माळ आली.

मी ती वहीत उतरवली, दोनदा, आणि पुन्हा ताडून पाहिली. जे शहाणपण मी वर्षापूर्वी टाळलं होतं ते आता पेनने केलं. मग तो पैसा नेटवरच्या बाजारात विकला, कर कापून जो उरला तो आखाजीच्या दोन दिवस आधी माझ्या बँकेत आला. भाव त्या आठवड्यात पडलेला होता. महिनाभर आधी विकला असता तर जास्त आले असते. मी कुणाला हे घ्या म्हणून सांगत नाही. पण मशीनपुरते आले, आणि ते माझ्या डिझाइनांचे होते. तिथे कुणीही मला विचारलं नाही की तू कुणाची पोर.

आखाजीच्या सकाळी आईने घागर भरली, पूजली, वडिलांच्या नावाने आंबा ठेवला, आणि आम्ही दोघी दोंडाईच्याहून गाडीत बसलो. जळगावला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. आई पहिल्यांदा जळगावला येत होती आणि रिक्षावाल्याशी भाडं ठरवायला तिनेच पुढाकार घेतला.

नाना मशीन पुसून बसले होते. मी त्यांच्या खात्यावर फोनवरून पैसे पाठवले. त्यांचा फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, “हे ठीक. आता कागदावर लिहून दे.”

“काय?”

“की पैसे दिले आणि मशीन घेतलं. खाली तुझी सही, माझी सही. मेसेजवर मला झोप येत नाही.”

मला हसू आलं. त्यांच्याच बिलबुकावर, त्यांच्याच मशीनवर छापलेल्या कागदावर मी लिहून दिलं. आईने विचारलं, मी पण करू का सही? नानांनी पेन दिलं. साक्षीदार म्हणून तिने सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. ती सही मीच तिला शिकवली आहे, मी सातवीत असताना. सही झाल्यावर तिने पदराच्या गाठीतून पुडी काढली आणि मशीनकडे वळली. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “लावू द्या, नाना. फक्त रोलरला नको.”

परतीच्या गाडीत मी वहीतून ते कार्ड काढलं. तीन तुकडे कधीच गळून पडले होते. कोपऱ्यांवर कुंकू तसंच होतं. मी म्हणाले, माय, हे आता रिकामं झालं. यात काही नाही. फाडून टाकते, कुणाच्या हाती लागलं तरी उपयोग नाही.

आईने ते माझ्या हातातून घेतलं.

“रिकामं आहे गं,” मी पुन्हा म्हणाले. आणि मग, आठ दिवस सांगायचं राहिलेलं, म्हणाले, “मी त्या दिवशी बोलले ते चुकलं.”

तिने कार्ड पिशवीत घातलं, पिशवी पदरात बांधली. बाहेर अमळनेर मागे जात होतं.

“बठ्ठ्या चिठ्ठ्या परत दिन्यात मी,” ती म्हणाली. सगळ्या, गोदामाच्या. “पैसा लेवा ते चिठ्ठी देवानी. एकबी मनाजोडे राहिनी नही. हाई राहू दे.”

ती चिठ्ठी अजून डाळीच्या डब्यात आहे.